जेनिफरच्या चार प्लेटा, सलमाच्या पाच

संपादकांचं पत्र आलं की आखातातल्या तुमच्या सुरुवातीच्या दिवसांवर अंकासाठी लिहा, वाळू, उंट, तेल असं थोडं येऊ द्या. उंटावर मी जन्मात एकदाच बसलो आणि उतरताना पडलो. तेलाशी माझा संबंध रॉकेलच्या स्टोव्हपुरता. मी तिथे दात बनवायचो, तेव्हा दातांबद्दलच लिहिणार.

गावात मला सगळे दातांचे डॉक्टर म्हणतात आणि मी कधी कोणाला दुरुस्त करत नाही, पण छापून येणाऱ्या कागदावर खोटं नको. मी डेंटल मेकॅनिक. डॉक्टर पेशंटच्या तोंडात बघतो, मेकॅनिक त्या तोंडाचा प्लास्टरचा साचा टेबलावर ठेवून बघतो. कवळी, टोपी, तारेची प्लेट, जे काही तोंडात जायचं ते आधी माझ्या हातात तयार व्हायचं. हे काम मी मुंबईला भेंडीबाजारातल्या एका चिनी दंतवैद्याकडे शिकलो. तो फार कमी बोलायचा आणि चूक झाली की साचा सरळ कचऱ्यात टाकायचा. त्याच्याइतका चांगला गुरू मला पुढे मिळाला नाही.

साठ-बासष्टच्या सुमाराला मी शारजाजवळच्या इंग्रजांच्या छावणीत लागलो. आज ज्याला यूएई म्हणतात तो देश तेव्हा झालेला नव्हता. दिरहम नव्हता, आपलाच रुपया चालायचा. शारजाच्या रोल्ला भागात आज दुकानांची दाटी आहे, तिथे तेव्हा एक अफाट वड होता, त्याच्याखाली ईदेला पोरं झोके घ्यायची. दुबईच्या ज्या जबल अलीला आज मोठं बंदर आहे, तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. छावणीत दातांचा एक दवाखाना होता, मागे पत्र्याची एक खोली होती, आणि त्या खोलीत दुपारी तापलेल्या पत्र्याखाली मेण आपोआप वितळायचं, म्हणून मेणाचं काम मी सकाळी आठच्या आत उरकायचो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका सार्जंटने समुद्रात ओकताना वरची कवळी गमावली आणि मला विचारलं, दुसरी थोडी लहान करता येईल का, म्हणजे पुढच्या वेळी बाहेर यायची नाही. छावणीच्या फाटकावर वाळवंटातल्या टोळीतला एक बद्दू पहारेकरी होता, त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. त्याला पुढच्या चांगल्या दातावर सोन्याची टोपी हवी होती. मी म्हटलं, दात चांगला आहे, कशाला झाकतोस? तो म्हणाला, "हबीबी, चांगला आहे हे कोणाला दिसतं?" मला त्याचं पटलं, पण सोनं नव्हतं.

आमचे डॉक्टर म्हणजे एक मेजर साहेब. लढाईच्या काळात ते पुण्याला राहिले होते, त्यामुळे त्यांची हिंदुस्तानी बरी होती. माणूस शिस्तीचा, हात हलका. छावणीत थोडी इंग्रज कुटुंबंही राहायची आणि त्यांच्या मुलांचे वाकडे दात सरळ करणं हे साहेबांच्या आवडीचं काम होतं.

हे काम कसं चालतं ते सांगतो. मुलाच्या तोंडाचं माप घ्यायचं, त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा. साच्यावर टाळूला बसेल अशी गुलाबी ॲक्रिलिकची पातळ प्लेट बनवायची आणि तिच्यात पोलादी तारेच्या स्प्रिंगा बसवायच्या. स्प्रिंग दाताला हळूच ढकलते. दर तीन आठवड्यांनी पोर परत येतं, साहेब पकडीने स्प्रिंग केसभर आवळतात, दात केसभर सरकतो. असं वर्ष, दीड वर्ष. दात घाई खपवून घेत नाही. प्लेट रात्रंदिवस तोंडात राहिली पाहिजे, जेवण झालं की धुऊन परत लावली पाहिजे. पोरांना ती नकोशी वाटते, बोलताना थुंकी उडते, शाळेत इतर पोरं चिडवतात.

जेनिफर अकरा वर्षांची होती. तिचे वडील छावणीच्या गोदामावर अधिकारी होते. तिचा वरचा एक सुळा जरा बाहेर होता. जरासाच. आमच्या गावात असा दात असलेल्या मुलीला लोक देखणी म्हणतात. तिच्यासाठी मी पहिली प्लेट बनवली आणि तिने ती दोन महिन्यांत समुद्रावर वाळूत पुरली. पुरली म्हणजे खेळता खेळता. आई तिला घेऊन आली, ओशाळली वगैरे काही नाही, म्हणाली, नवी हवी. साहेबांनी फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, कारण. साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं, समुद्रकिनारी हरवली. झालं, नवी मंजूर.

दुसरी प्लेट धुण्याच्या कपड्यांतून गेली आणि धोब्याच्या गरम पाण्यात पिळून निघाली. पुन्हा फॉर्म, पुन्हा रकाना. त्या दिवशी मी साहेबांना विचारलंच की साहेब, ह्या सगळ्याचे पैसे कोण देतं? साहेब म्हणाले, इंग्लंडात प्रत्येक कमावत्या माणसाच्या पगारातून दर आठवड्याला थोडं विम्याचं कापतात, बाकी करातून येतं, आणि त्यातून मुलांचे दात. सगळ्याच मुलांचे. खाणीतल्या मजुराच्या पोराचेसुद्धा. तिथल्या मुलांना जे मिळतं ते इथे छावणीतल्या मुलांना सरकारने द्यायचं, असा नियम.

"और खो गया तो?" मी विचारलं.

"तो दूसरा," साहेब म्हणाले.

ते दोन शब्द पुढे कितीतरी वर्षं माझ्या डोक्यातून गेले नाहीत. कारण गावी माझी सलमा होती. तीही अकरा वर्षांची.

सलमाचे वरचे चार दात पुढे आलेले, ओठ मिटायचा नाही इतके. शाळेत तिला दाताळी म्हणत. हसू आलं की ती आधी ओढणी तोंडावर घ्यायची आणि मग हसायची. माझी बायको खतिजा लिहायची, म्हणजे पोस्टमनकडून लिहून घ्यायची, की पोर आरशात बघत नाही, तिची मावशी तिच्या तोंडावर म्हणाली की हिला कोण करून घेणार. आणि त्या मुलीचा बाप इथे बसून एका गोऱ्या पोरीचा बरा दात सरळ करत होता, तिसऱ्यांदा. मी खोटं नाही बोलणार, मला जेनिफरचा राग यायचा. ती खोलीच्या दारात येऊन "हॅलो इब्राहिम" म्हणायची तेव्हा मला तिचे दात दिसायचे आणि बाकीची पोरगी दिसायचीच नाही. लेकराचा हेवा करणं वाईट, हे मला कळत होतं. तरी करत होतो.

त्याच सुमाराला माझी नोकरीची दोन वर्षं भरली आणि रजा मिळाली. आमच्याकडे आखाताला परत निघालेल्या माणसाच्या हातात गाव मापं देतो. कागदावर पेन्सिलीने काढलेला पाय, कारण चप्पल हवी. गाठ मारलेली सुतळी, ती बांगडीच्या मापाची. शर्टाचं माप म्हणून कोणी जुना शर्टच देतो. मी त्या वेळी सलमाच्या दातांचं माप नेलं. छावणीतून मापाचे ट्रे, मापाची पावडर आणि प्लास्टर न विचारता आणलं होतं. पडवीत सलमाला बसवलं, पावडर कालवून तोंडात घातली, आणि अर्धं गाव बघायला जमलं. पोर ओकाऱ्या आवरत बसली, डोळ्यांतून पाणी, पण हलली नाही. नंतर तिने एकच विचारलं, "अब्बा, म्हंजे माझे दात आत जातील ना?"

मी म्हटलं, इन्शाल्ला, जातील.

मापात लगेच प्लास्टर ओतून साचा केला, आणि तो रुमालात गुंडाळून, बिस्किटाच्या डब्यात कापसावर ठेवून मी बोटीने परत आलो. पत्र्याच्या खोलीत जेनिफरच्या साच्यांशेजारी तो ठेवला आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याच्या बुडाशी खिळ्याने जे. कोरलं. मला वाटलं, दात दातांसारखेच दिसतात, कोण बघतंय. साहेबांनी आठवड्याभरात तो उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "इब्राहिम, ये जेनिफर नहीं है."

माझी नोकरी त्या साच्यात आहे असं मला वाटलं. मी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी खुर्ची ओढली आणि बराच वेळ साचा फिरवून फिरवून पाहिला. मग पेन्सिल घेऊन त्यांनी प्लास्टरच्या दातांवर खुणा केल्या, कुठली तार कुठे, कुठला दात आधी. फार सुंदर खुणा होत्या, असं काम शिकायला वर्षं जातात. खुणा झाल्यावर ते म्हणाले, "एक प्लेट बना लो, हमारे सामान से. लेकिन हर तीन हफ्ते में किसी को देखना पड़ेगा. डाक से दाँत सीधे नहीं होते. बेटी को यहाँ लाओ."

आणू कुठे? आम्ही आठ जण एका खोलीत झोपायचो, आणि आमच्या मुलांना दवाखान्याचा हक्क नव्हता, हे साहेबांना माहीत होतं. त्यांनी प्रामाणिकपणे खरा सल्ला दिला होता आणि आज मला तो स्पष्ट ऐकू येतो. पण तेव्हा मी जळत होतो. मला वाटलं, जेनिफरला तीन प्लेटा आणि माझ्या पोरीला एक, वर उपदेश. मनात म्हटलं, टपालाने होत नाहीत काय? बघतोच.

आणि मी एक शक्कल काढली. तिचा मला आजही अभिमान वाटतो, हे लाज सोडून सांगतो. सलमाच्या साच्याच्या मी पाच प्रती काढल्या. पहिल्या प्रतीतले पुढचे चार दात बारीक करवतीने कापून केसभर आत मेणात बसवले, त्यावर पहिली प्लेट. दुसऱ्या प्रतीत आणखी केसभर आत, त्यावर दुसरी. अशा पाच. म्हणजे तीन आठवड्यांनी स्प्रिंग आवळायला डॉक्टर नको, पुढच्या नंबरची प्लेट घालायची. एका प्लेटचं सामान साहेबांच्या परवानगीचं, चारांचं सरकारच्या गोदामातून न विचारता. दोन महिने मी ते काम करत होतो. इतका सफाईदार हात माझा पुन्हा लागला नाही. प्रत्येक प्लेटवर मी नंबर कोरला, एक ते पाच.

गावचा एक खलाशी निघाला होता, त्याच्याबरोबर डबा पाठवला. सोबत पत्र, सविस्तर. पहिली तीन आठवडे, मग दुसरी, रात्रंदिवस घालायची, जेवताना काढायची. आणि माझं मलाच भ्याल्यासारखं झालं होतं, चोरीचं सामान संपलं होतं, पुन्हा हात घालायची हिंमत नव्हती, म्हणून शेवटी मी लिहिलं की फार किमती वस्तू आहे, जिवापाड जपा, तुटली तर दुसरी मिळणार नाही. हे वाक्य मी पत्रात तीन वेळा लिहिलं. एकदा तर त्याखाली रेघ मारली.

पुढच्या प्रत्येक पत्रात मी विचारायचो, प्लेट कशी आहे? उत्तर यायचं, चांगली आहे, काही काळजी करू नका. मी खूश. त्याच दिवसांत जेनिफरची तिसरी प्लेट त्यांच्या कुत्र्याने चावली. मी फॉर्मच्या रकान्यात कुत्रा असं लिहिलं आणि तोंड वाकडं केलं. ह्यांना फुकट मिळतं म्हणून ह्यांना किंमत नाही, असं माझं पक्कं मत झालं. आपल्या माणसांना वस्तूची किंमत असते. जेनिफरची चौथी प्लेट बनवताना मी मनातल्या मनात सलमाच्या दातांची आणि हिच्या दातांची शर्यत लावली होती, आणि ती शर्यत मी जिंकणार होतो.

सहा महिन्यांनी जेनिफरचं कुटुंब इंग्लंडला परत गेलं. जाताना ती निरोप घ्यायला खोलीत आली आणि हसली. सुळा जागेवर आला होता. चार प्लेटा हरवत, उकळत, चाववत का होईना, मधले दिवस तिने त्या घातल्या होत्या, आणि दाताला तेवढं पुरलं. मी म्हटलं, व्हेरी गुड.

मग माझी रजा आली. घरी पोचलो, सलमा दारात होती. तेरा वर्षांची, उंच झालेली. मला बघून तिला हसू आलं आणि तिने ओढणी तोंडावर घेतली.

हातपाय धुतले, चहा झाला. मी म्हटलं, प्लेट आण बघू. मला वाटलं, तोंडातून काढेल. ती आत गेली नाही, खतिजा गेली. तिने पेटीला कुलूप लावलं होतं, कमरेची किल्ली काढली. मी पाठवलेली नायलॉनची साडी, अत्तराच्या बाटल्या, कोरा साबण, आणि सगळ्यांत खाली बिस्किटाचा डबा. पाचही प्लेटा मलमलीच्या फडक्यात, एकेक वेगळी गुंडाळलेली. अत्तराचा वास येत होता. एकीवरही एवढासा ओरखडा नव्हता.

आखातातून आलेली वस्तू आमच्या घरात रोज वापरत नाहीत. ती सणाला निघते, लग्नाला निघते, पाहुणे आले की निघते. खतिजाने दोन्ही ईदेला आणि मामेबहिणीच्या लग्नाला सलमाला पहिली प्लेट घातली होती, आणि घरी आल्याबरोबर काढून, धुऊन, पुसून पेटीत ठेवली होती. रोजा पाळावा इतक्या श्रद्धेने.

मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर इतका कधी ओरडलो नव्हतो. रात्रंदिवस घालायची असं लिहिलं होतं ना, पोस्टमनने वाचलं नाही का?

खतिजा शांतपणे म्हणाली, "वाचला. समदा वाचला. तुमीच लिवलंत, तुटली तर दुसरी मिलायची नाय. तीनदा लिवलंत. रात्री झोपेत पोरीच्या दाताखाली मोडली असती, मंग मी तुमाला काय तोंड दाखवलं असतं?"

मी डबा माझ्यापुढे ओढला.

आमचं भांडण बघून सलमाने मधल्या मधे फडकं सोडलं, एक नंबरची प्लेट उचलली आणि तोंडात घातली. बसत नव्हती. दोन वर्षांत जबडा वाढला होता, मागच्या दाढा आल्या होत्या, ती प्लेट अकरा वर्षांच्या पोरीची होती. चपलेच्या मापाचा पाय वाढतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मी दातांचा माणूस. सलमाने दोन्ही अंगठे लावून ती वर दाबली. हिरडीतून रक्त आलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडात प्लेट असताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बसते, अब्बा. जरा दाबलं की बसते."

मी तिच्या तोंडात बोट घालून प्लेट काढली. त्या रजेत मी पुन्हा दातांचा विषय काढला नाही.

परत गेल्यावर साहेबांनी विचारलं, बेटी के दाँत? मी म्हटलं, ठीक है साहब. मला त्यांना खरं सांगायचं नव्हतं, कारण त्यांचं खरं झालं होतं. पुढच्याच आठवड्यात एका कॉर्पोरलचा मुलगा आला, त्याने प्लेट विहिरीत टाकली होती. मी फॉर्म घेतला आणि रकान्यात विहीर लिहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख आलं की मला जेनिफरच्या दातांचा हेवा कधी नव्हताच. तिला प्लेट हरवता येत होती, ह्याचा होता. हरवली तर दुसरी मिळणार हे माहीत असलेलं पोर ती खिशात घालतं, वाळूत नेतं, कुत्र्यापुढे टाकतं आणि मधल्या वेळात तोंडातही घालतं. आमची पेटीत राहते.

सलमाचं लग्न झालं, चांगलं घर मिळालं, मावशीचं तोंड बंद झालं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाचणाऱ्याला काळजी लागते. तिचा मुलगा इम्रान आता दुबईला आहे, नोकरी जबल अलीला, घर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. गेल्या हिवाळ्यात सलमा मला घेऊन तिथे गेली होती. इम्रानची मुलगी हिबा अकरा वर्षांची आहे. दातांच्या तारा नुकत्याच निघाल्यात आणि रात्री लावायला एक प्लेट दिली आहे. इम्रानच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये दात बसत नाहीत, तेव्हा सगळं पदरचं. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आपण छावणीच्या त्या रकान्यापर्यंतही पोचलेलो नाही, हे मी तिथे मोठ्याने म्हणालो आणि कोणी ऐकलं नाही.

एका सकाळी हिबा खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "दादी, आय सॅट ऑन इट." हातात प्लेटचे दोन तुकडे. गुलाबी, माझ्या वेळेसारखीच. तिची आई स्वयंपाकघरातून आली आणि सुरू झाली, साडेसहाशे दिरहमची वस्तू, म्हणजे आठ हजारांच्या वर रुपये, आता नवी आणली की ती कपाटातच ठेवायची, जरा मोठी झाली की घालेल.

सलमा उठली. तिने ते तुकडे हिबाच्या हातातून घेतले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले, माझ्या चिनी गुरूने टाकले असते तसे.

"तुटली तर दुसरी करू," ती सुनेला म्हणाली. "पैसे माझ्याकडून घे. हिबा, तू फक्त घालायची. तुटू दे."

मी कोचावर बसलो होतो, माझी सत्तरी कधीच उलटली आहे, आणि मला त्या अकरा वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला. हिबा दादीच्या गळ्यात पडून सगळे दात दाखवत हसली. सलमाही हसली, पण त्याआधी तिने ओढणी तोंडावर घेतली.